लावलेली शोभेची झुडपे दरवर्षी त्याच जागी का मरतात?

आमच्या घराच्या पश्चिमेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, पंचवीस फूट लांबीची एक मोकळी पट्टी आहे. त्या पट्टीत आम्ही सलग तीन पावसाळे एक्झोरा या गुच्छांनी फुलणाऱ्या शोभेच्या झुडपाची रोपे लावली. पहिल्या वर्षी नऊ रोपे आणली, दुसऱ्या वर्षी गेलेल्या सहांच्या जागी सहा नवी आणली आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा सगळीच नवी आणावी लागली. दर वेळी क्रम तोच राहिला : जुलैत रोपे तरारलेली असत, दिवाळीपर्यंत गुच्छ येत, संक्रांतीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागत आणि मे महिन्यात काटक्या उरत. पाणी वाढवले, खत वाढवले, माळी बदलला, नर्सरी बदलली. परिणाम बदलला नाही. चौथ्या वर्षी नवीन रोप आणण्याआधी आम्ही मेलेले एक झुडूप मुळांसकट काढून पाण्याने धुतले, त्याच्या जागेची माती दीड फूट खणून पाहिली, आणि तेव्हा लक्षात आले की त्या पट्टीत एक्झोरा जगण्याची शक्यता पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

ही तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती 'कोणते झाड लावू?' या प्रश्नाच्या रूपात येते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आधीचे झुडूप कोणत्या महिन्यात गेले, त्याची कोणती पाने प्रथम बिघडली आणि त्याची मुळे कशी दिसत होती, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. मेलेल्या झुडपात पुढच्या निवडीची बहुतेक माहिती असते, आणि आपण नेमके तेच कचऱ्याच्या गाडीत टाकून देतो. पुढे दिलेले निदान मुख्यतः पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा अशा पठारी भागातील घरांसाठी आहे, जिथे माती काळी किंवा मुरमाड असते आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी वापरले जाते. कोकण आणि गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी आहे; तेथील अडचणी वेगळ्या आहेत, आणि हा फरकच या विषयाच्या मुळाशी आहे.

रोप लावल्यावर महिन्याभरात गेले तर

येथे दोष बहुधा जागेचा नसतो, पिशवीतील गोळ्याचा असतो. पठारावरच्या नर्सऱ्यांत विकली जाणारी पुष्कळशी शोभेची रोपे आंध्रातील राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम परिसरात वाढलेली असतात. गोदावरीच्या खोऱ्यातील दमट हवेत आणि शेडनेटखाली वाढलेले हे रोप ट्रकने शेकडो किलोमीटर येते. त्याच्या मुळांभोवती अनेकदा घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला की दोन मातींचे पोत इतके भिन्न असतात की बाहेरची माती ओली असूनही गोळा आतून कोरडा राहू शकतो. आपण बोट घालून पाहतो ती बाहेरची माती, आणि रोप मात्र आत तहानलेले असते.

यावर उपाय सोपा आहे. लावण्यापूर्वी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे, पिशवी कापून गोळ्याच्या कडेची माती हलक्या हाताने मोकळी करावी, आणि मुळे गोल गोल वेटोळी झालेली असतील तर चार बाजूंनी उभा छेद देऊन ती सुटी करावीत. नर्सरीत 'पिशवी काढून मुळे दाखवा' असे म्हणण्यात संकोच करू नये. फुलांनी लगडलेल्या उंच रोपापेक्षा बिनफुलांचे, बुंध्याशी जाड आणि तीन-चार फांद्यांचे बुटके रोप घेतलेले केव्हाही चांगले. रोप घरी आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि त्यानंतर कायमच्या जागी, असे टप्पे ठेवले तर पानगळ पुष्कळ कमी होते.

भर पावसाळ्यात, माती ओली असताना झुडूप मलूल झाले तर

पाने लोंबू लागली की आपला हात पाण्याच्या नळीकडे जातो. परंतु ऑगस्टमध्ये, चिखल असताना, पाने लोंबत असतील तर मुळे गुदमरत आहेत असे समजावे. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी धरून फुगते आणि तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात. त्यात आपण दोन फुटांचा खड्डा करून तो पोयटा माती आणि शेणखताने भरला असेल, तर भोवतीच्या घट्ट जमिनीतील पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यातच गोळा होते आणि खड्ड्याचा हौद होतो. चांगल्या हेतूने केलेली ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की काळ्या जमिनीत खड्डा बाहेरच्या मातीने भरू नये, असे आता मी आग्रहाने सांगतो. खड्ड्यातून निघालेलीच माती तीन भाग आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट एक भाग, असे मिश्रण पुरते.

निचऱ्याची परीक्षा लावणीच्या आधी करता येते. एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा काढून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. चार-पाच तासांत उतरले तर निचरा उत्तम आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर दोनच मार्ग उरतात : एक तर भोवतीच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच वाफा बांधून त्यावर लावणी करावी, किंवा ओल सोसणारी झुडपे निवडावीत. ओढ्याकाठी आपोआप वाढणारी निर्गुडी आणि बांधावरचा अडुळसा ही दोन्ही अशा जागी तग धरतात. बोगनवेल अशा जागी मुळीच लावू नये. ती कोरड सोसते, पण पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही.

पावसाळ्यातच आणखी एक मरण येते, आणि ते अगदी निराळे दिसते. सप्टेंबरच्या सुमारास झुडूप एकाएकी सुकते, आणि ते हाताने ओढले तर जमिनीत काहीच अडवत नसल्याप्रमाणे अलगद वर येते, कारण त्याला मुळेच उरलेली नसतात. हे काम हुमणीचे. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, नंतर मातीत अंडी घालतात आणि त्यांतून निघालेल्या पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षराप्रमाणे वळलेल्या अळ्या पावसाळाभर मुळे खातात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही त्या बागेत येतात. अशा जागी पुन्हा रोप लावण्यापूर्वी माती फूटभर खोल उकरून अळ्या वेचाव्यात, कच्चे शेणखत पूर्णपणे बंद करावे आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारी मेटारायझियम ही जैविक बुरशी ओल्या मातीत मिसळावी. येथे झुडपाची जात बदलून उपयोग होत नाही. हुमणी जात पाहत नाही.

संक्रांतीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागली तर

आमच्या पट्टीची अडचण ही होती, आणि पठारावरच्या बागांत निवड चुकल्याची सर्वांत ठळक खूण हीच आहे. येथे कोणती पाने पिवळी होत आहेत हे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. खालची, जुनी पाने सर्वांगाने फिकट होऊन गळत असतील तर नत्र कमी आहे आणि थोडे गांडूळखत त्यावर पुरेसे ठरते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, जवळजवळ पांढरट, आणि त्यांवरील शिरांची जाळी मात्र हिरवी, असे चित्र असेल तर झुडपाला लोह मिळत नाही. याचा अर्थ मातीत लोह नाही असा नव्हे. दख्खनची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि तिच्यात लोह भरपूर आहे. पण मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (पीएच), आठच्या आसपास गेला आणि तिच्यात मोकळा चुना असला की ते लोह विरघळत नाही. मुळांना ते समोर असूनही घेता येत नाही.

एक्झोरा हे मूळचे दक्षिण भारताच्या, विशेषतः किनारपट्टीच्या आम्लधर्मी मातीतील झुडूप आहे. रत्नागिरीत किंवा म्हापशात ते कुंपणाला विनासायास फुलते. तेच पठारावर पिवळे पडते. अनंत हे चीन-जपानकडचे झुडूप, त्यालाही आम्लधर्मी मातीच लागते. कोकण-गोव्यातल्या नातेवाइकांच्या अंगणात पाहून आपण ही झुडपे इकडे आणतो आणि मातीतला फरक विसरतो. ही झुडपे पावसाळ्यात ठीक दिसण्यालाही कारण आहे. त्या काळात मुळे अजून नर्सरीच्या मातीच्या गोळ्यातच असतात आणि वरून पडणारे पाणी मृदू असते. पावसाळा संपता संपता मुळे गोळ्याबाहेर आपल्या मातीत शिरतात, आपण बोअरचे जड पाणी देऊ लागतो, त्यातील बायकार्बोनेट हा सामू चढा ठेवणारा क्षार मातीत साठत जातो, आणि थंडीने मुळांची लोह शोषण्याची क्षमताही मंदावते. हे सगळे पौष-माघात एकत्र येते. झुडूप मग उन्हाळ्याला सामोरे जाते तेच अशक्त होऊन, आणि मे महिन्यात ते गेले की आपण उन्हाला जबाबदार धरतो.

आमच्या पट्टीत याखेरीज आणखी एक गोष्ट होती. दीड फूट खणल्यावर विटांचे तुकडे, सिमेंटचे घट्ट झालेले गोळे आणि गिलाव्याची भुकटी निघाली. बांधकामाच्या वेळी राडारोडा भिंतीलगत पसरून त्यावर वीतभर चांगली माती टाकण्याची पद्धत इतकी सर्रास आहे की जोत्यालगतच्या आणि कंपाउंडलगतच्या तीन फुटांत तो आहेच असे गृहीत धरून खणून पाहावे. चुन्याची परीक्षा स्वयंपाकघरातील वस्तूने होते. कोरड्या मातीच्या चमचाभर नमुन्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून कान जवळ न्यावा. सुर्र असा आवाज आला किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळा चुना आहे. नेमका आकडा हवा असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि सामू, क्षारता व मुक्त चुना हे तीन आकडे आवर्जून मागावेत.

दुरुस्तीबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते, कारण याच टप्प्यावर लोक वर्षानुवर्षे पैसे घालवतात. मातीत हिराकस (फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार) टाकून उपयोग होत नाही; चुनखडीच्या मातीत त्यातील लोह थोड्याच दिवसांत पुन्हा अविद्राव्य होते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि त्यात थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारला, तर ती पाने हिरवी होतात, परंतु पुढच्या महिन्यात येणारी पाने पुन्हा पिवळीच येतात. हे द्रावण फरशीवर सांडू देऊ नये, त्याचे तपकिरी डाग निघत नाहीत. चिलेटेड लोहाची, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधून विद्राव्य ठेवलेल्या लोहाची, पाकिटे मिळतात. त्यांतील ईडीटीए प्रकारचे चिलेट जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते. ते गडद लाल रंगाचे असते आणि बरेच महाग असते. गंधक मिसळून सामू उतरवण्याचा मार्ग चुना थोडा असेल तरच शक्य आहे. जिथे व्हिनेगर टाकताच माती फसफसते, तिथे गंधक आधी तो सगळा चुना संपवण्यातच खर्ची पडते. एखाद्या जिवलग झुडपासाठी ही खटपट जरूर करावी. पंचवीस फुटांच्या ओळीसाठी ती आयुष्यभर करीत राहण्यापेक्षा चुन्याची पर्वा न करणारे झुडूप लावणे हाच निर्णय योग्य आहे.

अशी झुडपे पुष्कळ आहेत आणि ती देखणीही आहेत. कण्हेर, बोगनवेल, शंकासूर, टिकोमा, मेंदी आणि हॅमेलिया ही सहा नावे मी पठारावरच्या चुनखडीच्या, मुरमाड जागेसाठी निःशंकपणे सांगेन. तगर यांच्या किंचित मागे असली तरी तीही बहुतेक ठिकाणी उत्तम येते. जास्वंदीत आपली साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद नव्या मोठ्या फुलांच्या संकरित जातींहून पुष्कळ सोशिक आहे. ज्यांना पूजेसाठी रोज फुले हवीत त्यांनी तीच लावावी, मात्र पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावे. शेंड्यावर कापसासारखे पुंजके आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग दिसली की तो शेंडा कापून पाण्यात बुडवावा आणि उरलेल्या झुडपावर साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा मारावा.

एप्रिल-मेमध्ये पाने कडेने करपली तर

येथे प्रश्न दिशेचा असतो, आणि दिशेबाबत आपले अंदाज हमखास चुकतात, कारण आपण जागा पाहतो ती हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात. 'उत्तरेकडे सावली असते' हे वाक्य पुण्यासारख्या ठिकाणी अर्ध्या वर्षापुरतेच खरे आहे. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा आहेत. 22 डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो, त्यामुळे वीस फूट उंचीच्या घराची सावली उत्तरेला जवळजवळ अठरा फूट पडते. एप्रिलच्या प्रारंभी तीच सावली पाच फुटांवर येते. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. आणि तेथून जुलैच्या अखेरीस येणाऱ्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा की डिसेंबरात ज्या वाफ्यात दिवसभर गारवा होता, त्याच वाफ्यावर वर्षातील सर्वांत कडक ऊन थेट पडते. सावलीत शोभून दिसणारे क्रोटन किंवा रंगीत पानांचे अकॅलिफा हिवाळ्यात उत्तरेला लावले आणि मे महिन्यात त्यांची पाने कागदासारखी झाली, तर पाण्यात कसूर झाली असे समजू नये. तेथे सूर्य येऊन पोहोचला आहे.

यासाठी जागेची सावली दोनदा टिपावी : एकदा डिसेंबरअखेर आणि एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीन वाजता. खडूने किंवा चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघ ओढून फोटो काढून ठेवला तरी पुरे. वाट पाहणे शक्य नसेल तर एवढे ध्यानात ठेवावे की या अक्षांशावर मे महिन्यात ज्याला खरी सावली म्हणता येईल ती फक्त झाडाखाली, पडवीखाली किंवा घराच्या पूर्वेला दुपारनंतरच मिळते.

पश्चिमेची बाजू सर्वांत अवघड असते. दुपारी दोन ते सहा या वेळातील तिरपे ऊन पानांच्या सपाट बाजूवर पडते, त्यात भिंत तापते आणि पेव्हर ब्लॉकची फरशी खालून उष्णता फेकते. झुडूप तिन्ही बाजूंनी भाजले जाते, आणि सूर्य मावळल्यावरही भिंत बराच वेळ गरम राहते. या जागी कण्हेर, बोगनवेल आणि शंकासूर यांच्याशिवाय इतर कशाची शिफारस करताना मी विचार करतो. भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट अंतर सोडावे, आणि लावल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात बुंध्यापासून चार बोटे मोकळी जागा ठेवून वाळलेल्या पाल्यापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर आळ्यात पसरावा. रोज संध्याकाळी नळीने पाने भिजवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा प्रत्येक झुडपाला बादलीभर पाणी सावकाश जिरू द्यावे. मुळे खोल जातात ती अशा पाण्यामुळे. झुडूप वाढेल तसे आळेही बाहेर सरकवावे, कारण बुंध्याशी सतत ओल राहिली तर पाणी शोषणारी कोवळी मुळे कोरडीच राहतात आणि बुंधा मात्र कुजतो.

झुडूप जगले, पण फुलत नाही किंवा आवरत नाही

ही तक्रार मरणाची नसली तरी निवडीचीच आहे. नर्सरीतील रोप दीड फुटाचे असते आणि त्या आकारावर आपण दोन रोपांतील अंतर ठरवतो. कण्हेर मोकळी सोडली तर दहा-बारा फूट होते, कुंती म्हणजे कामिनीही तितकीच, टिकोमा त्याहून उंच. पारिजातक तर झुडूप म्हणून विकला जातो आणि पाहता पाहता लहान वृक्ष होतो. अशी झाडे खिडकीखाली फूटभर अंतराने लावली की तिसऱ्या वर्षापासून दर महिन्याला कात्री चालवावी लागते. एक्झोरा, तगर, जास्वंद यांची फुले नव्या फांद्यांच्या टोकांशी येतात. कुंपणासारखी चौकोनी कातरणी सतत केली तर प्रत्येक वेळी कळ्या धरू पाहणारे शेंडेच उडवले जातात, आणि मालक म्हणतो की खत देऊनही फूल नाही. खिडकीखाली चार फुटांचेच झुडूप हवे असेल, तर चार फुटांवर थांबणारी बुटकी जात मागावी. मोठ्या जातीला आयुष्यभर कापत राहणे हा झाडावरही अन्याय आहे आणि माळ्याच्या श्रमांचाही अपव्यय आहे.

बोगनवेल फुलत नसेल तर कारण बहुधा लाडाचे असते. भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत मिळाले की ती पानांचा डोंगर करते. पावसाळा संपल्यावर छाटणी करून पाणी ताणावे, पाने किंचित मलूल होऊ द्यावीत आणि मग पाणी द्यावे. ऊन मात्र निदान सहा तास हवे.

जागा कळल्यावर निवड

सर्वांत आधी एक सूचना, कारण ती जिवाशी संबंधित आहे. मी वर कण्हेरीची शिफारस केली असली तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि तिच्या जाळलेल्या फांद्यांचा धूरही अपायकारक असतो. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बियांनी जीव जाऊ शकतो. दुरांटा या कुंपणाला लावल्या जाणाऱ्या झुडपाची नारिंगी मण्यांसारखी फळे लहान मुलांना आकर्षक वाटतात, पण तीही विषारी आहेत. घरात रांगते मूल असेल किंवा गोठा शेजारी असेल तर ही तिन्ही वगळावीत आणि पश्चिमेच्या भिंतीला बोगनवेल व मेंदी यांवर भागवावे. वाटेलगत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत बोगनवेलीचे काटेही विचारात घ्यावेत.

घाणेरी, म्हणजे टणटणी, हिच्या रंगीत जाती पुन्हा हौसेने लावल्या जाऊ लागल्या आहेत. त्या न लावाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठीच कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले आणि तेथून देशभरातील जंगलांत आणि गायरानांत घुसले. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात, त्यामुळे कुंपणाच्या आत लावलेली घाणेरी कुंपणाच्या आत राहत नाही.

याउलट आपल्याच डोंगरांवरची काही झुडपे बागेत अजून फारशी दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटते. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर हिवाळ्याच्या अखेरीस लाल फुलांनी भरून जाणारी धायटी मुरमाड जमिनीत अगदी आनंदाने राहते आणि तिच्यावर शिंजीर पक्षी सतत येतात. भूतकेसाची पांढरी पानासारखी दले पावसाळ्यात लांबूनही उठून दिसतात. त्याला थोडी सावली आणि ओल लागते, म्हणून पूर्वेची बाजू किंवा मोठ्या झाडाखालची जागा द्यावी. पिवळी कोरांटी काटेरी असते, पण कोरड्या जागी कुंपणाच्या आतल्या कडेला ती फार शोभते. ही रोपे नेहमीच्या नर्सरीत मागून मिळत नाहीत. वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या बऱ्याच आधी चौकशी करावी लागते.

सावलीच्या पूर्व अंगणासाठी आबोली, भूतकेस आणि क्रोटन. दिवसभर ऊन असलेल्या, निचऱ्याच्या जागी जास्वंद, तगर, हॅमेलिया. ओलीच्या जागी निर्गुडी आणि अडुळसा, अशी ढोबळ विभागणी आमच्या परिसरात चालते. मोगऱ्याला ऊन आणि निचरा दोन्ही लागतात. तो बागेच्या कोपऱ्यात न लावता बैठकीच्या खिडकीजवळ लावावा, त्याचा सुगंध घरात यावा यासाठी.

आमच्या पश्चिमेच्या पट्टीतील राडारोडा शक्य तेवढा काढला, सगळा निघाला नाही. तेथे आता भिंतीपासून तीन फूट अंतरावर, एकमेकांपासून सहा फुटांवर, गुलाबी बोगनवेलीची दोन आणि शंकासुराची दोन झुडपे आहेत. नवांच्या जागी चारच झुडपे लावल्यामुळे पहिल्या वर्षी पट्टी फार रिकामी दिसत होती. मधल्या जागेत आम्ही त्या पावसाळ्यात झेंडू आणि तेरडा लावून घेतला. यंदा झुडपांचा दुसरा उन्हाळा झाला आणि चारही झुडपे उभी आहेत. एक्झोरावरचे आमच्या आईचे प्रेम मात्र कमी झालेले नाही. तिच्यासाठी पूर्वेच्या पडवीत दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांत कोकणातून आणलेली जांभ्याची लाल माती आणि पानांचे कुजलेले खत आहे, आणि त्यांना बोअरचे पाणी न देता छपराच्या पन्हळीखालच्या पिंपात साठवलेले पावसाचे पाणी दिले जाते. पिंप मार्चमध्ये संपते, त्यानंतर पिण्याचे नळाचे पाणी द्यावे लागते, आणि तेव्हा शेंड्याची पाने किंचित फिकट होतात. जूनच्या पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा हिरवी होतात.